मास्तरांच्या गाडीचा एसी

गाडीचा एसी लावला की आधी वास यायचा. ओले मोजे पिशवीत बांधून विसरून जावेत, तसा. मग डॅशबोर्डच्या आतून दम लागल्यासारखी घरघर सुरू व्हायची आणि जाळीतून येणारी हवा इतकी मरतुकडी, की तिच्यापुढे धरलेला रुमालसुद्धा हलायचा नाही. पुढच्या सीटच्या पायाशी पाणी साचायचं ते वेगळंच. धाकट्यानं दोन-तीन गॅरेजांत विचारून पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस, सगळ्यांच्याच गाड्या रांगेत लागलेल्या. जो तो पंधरवड्यानं या म्हणाला. आणि धाकट्याला तर गाडी सोमवारी हवी होती.

म्हणून त्यानं थोरल्या बहिणीला फोन केला.

"ताई, असल्या कामात तुझा हात चालतो गं. रविवारी ये ना. बाबांना जरा लांब न्यायचंय. रस्ता सगळा उन्हाचा. एसीशिवाय त्यांना झेपायचं नाही."

"कुठे नेतोयस?"

"डोंगराच्या बाजूला. हवा चांगली आहे तिकडची. तू ये तर खरी, मग बोलू."

हवापालटाला नेत असेल, असं थोरली धरून चालली. तिला बरंच वाटलं. गेल्या उन्हाळ्यात बाबांना भर रस्त्यात भोवळ आली होती आणि तेव्हापासून ते उन्हात बाहेर पडले की घरातल्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. चार दिवस गारव्याला राहून येतील तर वाईट काय?

थोरली दातांच्या कवळ्या बनवायची. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं आणि त्या टेबलावर बारीक ब्रश, दांड्याचे छोटे आरसे, कोरण्या, चिमटे असा सगळा संसार मांडलेला असायचा. आठवड्याचे सहा दिवस ती लोकांची तोंडं मेणात आणि प्लास्टरमध्ये पुन्हा उभी करायची. बाबांची कवळीही तिच्याच हातची. "पोरीनं मला पुन्हा चावायला शिकवलं," असं ते येईल त्याला सांगायचे आणि पुरावा म्हणून कवळी काढूनही दाखवायचे. लहानपणी तिनं घरातली इस्त्री, घड्याळ, शिलाईचं मशीन असं एकेक उघडून पुन्हा बंद केलं होतं. तेव्हापासून बाबा तिला मिस्त्री म्हणायचे. तिचं खरं नाव त्यांच्या तोंडून फक्त रागावल्यावर निघायचं.

बाबांना मात्र सगळा गाव मास्तर म्हणायचा. गाडीचे मास्तर. शहरातल्या अर्ध्याअधिक लोकांना त्यांनी गाडी चालवायला शिकवलं होतं. शिकवणीच्या सगळ्या गाड्या एकेक करत गेल्या, ही एवढी राहिली. हिला चालकाच्या शेजारच्या माणसाच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकणारा भांबावला की मास्तर शांतपणे तो दाबायचे आणि म्हणायचे, "आता घाबरून झालं असेल, तर पुढे जाऊ." डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं तेव्हापासून ती अंगणातल्या झाडाखाली उभी होती. धाकटा बाजारापुरती काढायचा, तेवढंच.

रविवारी सकाळी थोरली आपल्या अवजारांची पेटी घेऊन आली, तेव्हा धाकट्यानं गाडीची पुढची चाकं लाकडी उतरणींवर चढवून ठेवली होती. बाबा झाडाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षा घ्यायला बसल्यासारखे.

"बॅटरीची तार काढलीस?"

"काढते."

"आधी कुठली?"

"काळी."

"पास," मास्तर म्हणाले. "पुढे व्हा."

त्यांचं हल्ली असंच होतं. सकाळी चहा प्यायलो की नाही, हे आठवायचं नाही. बायको गेली, हे मधूनच विसरायचे आणि तिला हाका मारायचे. गॅस सुरू ठेवून फिरायला निघून जायचे. मागे एकदा बाजारात एका अनोळखी बाईच्या उभ्या गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चला, आरशात बघा, पहिला गिअर टाका." ती बिचारी किंचाळली, लोक जमले. पण गाडीचं काही विचारा, बोट ठेवतील ते बरोबर.

थोरलीनं डॅशबोर्डचा खण रिकामा केला, दोन्ही बाजू आत दाबून तो बाहेर ओढला आणि त्याच्यामागची झाकणपट्टी काढली. आत फिल्टर होता. घड्यांच्या पांढऱ्या कागदाचा असतो तसाच, पण आता तो चुलीतून काढल्यासारखा काळा. त्यावर वाळकी पानं, पिसं, बिया, आणि या सगळ्याच्या वर सीटचा स्पंज कुरतडून केलेलं एक नीटनेटकं घरटं. घरट्यात उंदीर होता. केव्हाचाच वाळून कोळ झालेला.

"बाबा, गाडीत भाडेकरू ठेवला होता काय?"

"शिकायला आला असेल," बाबा म्हणाले. "नापास झाला वाटतं."

दोघंही हसली. तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली. फिल्टरकडे नजर जाताच तिनं "अगं बाई!" म्हणून चहा बशीतच सांडला. एरवी ती थोरलीशी मोकळेपणानं बोलायची, घटकाभर टेकायची. आज कप बॉनेटवर ठेवला आणि आत निघून गेली. उंदरामुळे असेल, असं थोरलीला वाटलं. धाकटाही सारखा दारात यायचा, फोन कानाला लावून परत आत जायचा.

मग ब्लोअरची पाळी. त्यासाठी डॅशबोर्डखाली पाठ टेकून, डोकं खाली आणि पाय दाराबाहेर असं आडवं व्हावं लागलं. मास्तरांचा तो जादा ब्रेक बरोबर बरगडीत घुसत होता. स्क्रू गंजलेले. एकेकाला तेल पाजून, थांबून, पुन्हा पिळून तिनं ते काढले आणि पंखा हातात घेतला. त्याच्या पात्यांमध्ये पानांचा चुरा असा गच्च बसला होता, की पात्यांमधल्या फटी दिसतच नव्हत्या. घरघर ती याचीच. मग तिनं पेटीतला दांड्याचा आरसा काढला, तोंडात टॉर्च धरला आणि आरसा आत सारून कूलिंग कॉइल बघितली. रोज दाढांच्या मागे बघायची सवय, त्यामुळे उलटं दिसणारं तिला सुलटं कळायचं. कॉइलच्या बारीक पत्र्यांवर धुळीचं आणि बुरशीचं गोधडीसारखं जाड आवरण चढलं होतं. हवा जाणार कुठून?

"काय दिसतंय, मिस्त्री?"

"कीड आहे. पण दात शाबूत आहे."

"मग उपटू नकोस."

घाणीचा मोठा थर ब्रशनं हलकेच खरवडून काढायचा आणि मग फेसाचा फवारा मारायचा, असं तिनं ठरवलं. पत्रे इतके पातळ, की जोर लावला तर मुडपतात आणि बोट लागलं तर कापतात. तिच्याकडचे ब्रश फार बारीक होते. तिला एक मऊ, रुंद ब्रश आणि बादली हवी होती. बाबांना "हललात तर बघा" अशी तंबी देऊन ती घरात गेली.

न्हाणीघराची वाट बाबांच्या खोलीवरून होती. खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं सहज आत पाहिलं.

कपाट उघडं होतं आणि रिकामं होतं. भिंतीवरचा आईचा फोटो उतरवून कॉटवर पालथा ठेवला होता. खिडकीजवळच्या भिंतीवर रंगाचे तीन पट्टे ओढून पाहिले होते: एक पिवळा, एक निळा, एक पोपटी. जमिनीवर भावजय बसली होती. तिच्या एका बाजूला बाबांच्या शर्टांची चळत, दुसऱ्या बाजूला उघडी बॅग. एकेक शर्ट मांडीवर घेऊन ती कॉलरच्या आतल्या बाजूला कापडाची छोटी पट्टी टाचत होती. पट्टीवर बाबांचं पूर्ण नाव होतं.

"हे काय गं?"

भावजयीनं दचकून वर पाहिलं. मग तिचा चेहरा निवळला. "अहो, तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात ना. नाव नसलं तर अदलाबदल होते म्हणाले. बनियन, रुमाल, सगळ्याला लावायचंय. जीव मेटाकुटीला आलाय."

"तिथे म्हणजे कुठे?"

सुई कापडातच थांबली.

"तुम्हाला माहीत नाही?" ती हळूच म्हणाली. "हे तर म्हणाले, ताईंशी सगळं बोलणं झालंय. ताईंनीच म्हणे..."

थोरलीला आणखी काही विचारावं लागलं नाही. माणूस चार दिवसांच्या हवापालटाला जातो तेव्हा कुणी त्याच्या रुमालाला नाव शिवत नाही. तिनं न्हाणीघरातून बादली घेतली, ब्रश घेतला. हात आपसूक चालत होते. बाहेर येऊन तिनं धाकट्याला गाडीच्या मागे, डिकीपाशी बोलावलं. बाबा पुढे बसले होते. म्हणून भांडण झालं ते सगळं कुजबुजत.

"कुठे नेऊन टाकतोयस त्यांना?"

"टाकत नाही, ताई. चांगली जागा आहे. नर्स आहे, बाग आहे, डॉक्टर येतो. मी दोनदा जाऊन बघून आलोय."

"आणि मला कधी सांगणार होतास? एसी गार झाल्यावर?"

"आज सांगणारच होतो."

"आज! माझ्याकडून गाडी दुरुस्त करून घेऊन त्याच गाडीतून..."

"हळू बोल."

"आईचं सगळं मी केलं. रजा काढून, इथे येऊन राहून. मी नाही कुणाला कुठे पाठवलं."

"आई तीन आठवड्यांत गेली, ताई," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली उतरला होता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. "त्याच्यानंतरचं मी केलंय. आम्ही केलंय. रात्री उठून दाराची कडी बघणारा मी. गॅस बंद करणारी ही. त्या बाजारातल्या बाईच्या नवऱ्याचे पाय धरणारा मी. तू रविवारी येतेस, ते खूश होतात, तू खूश होतेस, संध्याकाळी तू जातेस. माझ्या पोरीला अजून स्वतःची खोली नाही. ती ओट्यावर अभ्यास करते आणि मधून उठून बघते, आजोबांनी शेगडी तर पेटवली नाही ना."

"म्हणून..."

"म्हणून काय? बरं, ने तू. खरंच सांगतो. आत्ता ने. बॅग तयारच आहे. डोंगराकडे नको, तुझ्याकडे सोडतो. आहे ना तुझी मागची खोली रिकामी?"

होती. मागची खोली रिकामी होती. नवरा वेगळा झाल्यावर कित्येक वर्षं थोरलीनं भाड्याच्या, वाटणीच्या, दुसऱ्याच्या सोयीच्या जागांत काढली होती. आता कुठे हे घर तिचं झालं होतं. घरी गेल्यावर तिला कुणी काही विचारायचं नाही. उशीर का, जेवलीस का, दिवा कशाला चालू. मागच्या खोलीत ती काहीच ठेवत नसे. नुसतं दार उघडं ठेवायची, सकाळचं ऊन आत यायचं आणि तिला बघायला आवडायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ऐकणारा हसला असता. धाकटा तिच्याकडे बघत उभा होता. हसत नव्हता. वाट बघत होता, अगदी खरोखरीची. तिनं आत्ता हो म्हटलं असतं, तर त्यानं बॅग उचलून आणली असती आणि बहुतेक तिच्या गळ्यात पडून रडलाही असता.

"माझी नोकरी आहे," थोरली म्हणाली.

"हो ना," धाकटा म्हणाला. एवढंच. आणि तो घरात गेला.

ती परत गाडीपाशी आली. क्षणभर तिच्या मनात आलं, इथेच थांबावं. ब्लोअर हातात आहे, स्क्रू खिशात आहेत. "जमत नाही," म्हणावं, पेटी उचलावी, घरी जावं. उद्याचं जाणं आपोआप पुढे ढकललं जाईल. पण पुढे म्हणजे कुठवर? गॅरेजवाला पंधरवड्यानं करून देईल. नाहीतर धाकटा असाच काचा खाली करून घेऊन जाईल, आणि त्या रस्त्यावर, त्या उन्हात... ती गुडघ्यावर बसली आणि पुन्हा डॅशबोर्डखाली शिरली.

ब्रशनं तिनं कॉइलवरची घाण उतरवली. चिंधीसारखे करडे पुंजके निघत होते, ती ते बादलीत टाकत होती. दोनदा बोट कापलं. मग फेसाच्या डब्याची बारीक नळी आत घालून तिनं कोपरा न् कोपरा भरला. पांढरा फेस फुगत वर आला, त्याला औषधासारखा उग्र वास होता. फेस मुरेपर्यंत खालची पाणी जायची नळी मोकळी करायची, म्हणजे वरची घाण त्या वाटेनं उतरेल. सीटच्या पायाशी पाणी साचत होतं ते ती नळी तुंबल्यामुळेच. थोरली गोणपाट पसरून गाडीखाली सरकली.

खालून तिला बाबांचे फक्त पाय दिसत होते. स्वच्छ नखं, चामड्याच्या चपला, आणि उजवा पाय अधूनमधून आपोआप जमिनीवर दाबला जात होता.

"मिस्त्री."

"हं."

"सगळं आवाक्यात आहे ना?"

"आहे. नळी तुंबलीय. तार घालतेय."

"जाड तार घालू नकोस. आतलं फाटेल."

"मऊच आहे."

मग बोलले ते अगदी स्वच्छ, सरळ. डोक्यात दिवा लागलेला असला की ते असे बोलायचे. हल्ली असे दिवस कमी झाले होते.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. मी मनाविरुद्ध जात नाहीये."

तिचा हात थांबला.

"धाकट्यानं आधी मला सांगितलं तेव्हा मी त्याला घरातून हाकलला होता. म्हटलं, घर माझं आहे, तूच जा. मग तो म्हणाला, ताईचंही हेच मत आहे. तिनंच जागा सुचवली. तेव्हा मग मी बसलो विचार करत. म्हटलं, मिस्त्री म्हणते तर काहीतरी बघूनच म्हणत असेल. ती उगाच काही उघडत नाही आणि उघडलं तर अर्धवट सोडत नाही. नुसता तो म्हणाला असता तर मी गेलो नसतो बघ. तू म्हणालीस म्हणून जातोय."

थोरलीच्या डोक्याच्या वर इंजिनाचा काळा, तेलकट पत्रा होता. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. मी नाही म्हणाले, बाबा. मला आज कळलं. फार मोठं वाक्य नव्हतं. तिनं तार आणखी आत सारली आणि तेवढ्यात नळीतला बोळा सुटला. काळं, गाळासारखं पाणी भसकन तिच्या हातावर, गळ्यावर, केसांत आलं. त्यामागून फेस. कुजक्या पानांचा वास नाकातोंडात भरला. बाबांना वरून ओघळ दिसला आणि ते लहान मुलासारखे टाळ्या पिटून हसले.

"सुटलं! सुटलं ना?"

"सुटलं," ती म्हणाली.

पाणी वाहून थांबलं. मग नुसते थेंब पडत राहिले. बोलायला भरपूर वेळ होता. ती गाडीखाली उताणी पडून होती आणि वेळ संपत नव्हता. मी नाही म्हणाले, असं सांगितलं की बाबा खुर्चीवरून उठतील, घरात जातील, बॅग उपडी करतील. त्यांचा रागाचा आवाज ती ओळखून होती. आणि मग ते बाहेर येऊन म्हणतील, चल मिस्त्री, तुझ्याकडे जाऊ. ते तसंच म्हणतील, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा तिला काहीतरी उत्तर द्यावं लागणार होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तिथे बाग आहे म्हणे."

"हो. सांगितलंय त्यानं," बाबा म्हणाले.

त्यानंतर तिनं सगळं शिस्तीत केलं. आतली कॉइल पुन्हा आरसा घालून पाहिली. पत्रे चकचकीत नाही, पण मोकळे झाले होते. ब्लोअरची पाती धुतली, उन्हात वाळवली, बसवली. गाडीच्या तोंडाशी, पुढच्या जाळीमागे असतो तो एसीचा कंडेन्सर बागेच्या नळीनं, धार अगदी मंद ठेवून, धुतला. त्यात अडकलेले किडे आणि फुलपाखरांचे पंख खाली आले. धाकट्यानं आणून ठेवलेला नवा फिल्टर बसवला, त्यावरचा बाण बाबांना दाखवून दिशा पक्की केली. जेवायला चला, असं भावजय दोनदा सांगून गेली. थोरलीनं हात घाण आहेत म्हणून टाळलं.

दुपार कलल्यावर तिनं बॅटरीची तार जोडली आणि गाडी सुरू केली. आधी गरम हवा पूर्ण वेगात सोडून आतला ओलावा सुकवला. मग एसी लावला. घरघर नव्हती. वासही नव्हता; म्हणजे फेसाचा थोडा होता, पण तो बरा होता. जाळीपुढे हात धरला तर गार झोत मनगटापर्यंत आला. एरवी अशा वेळी तिला जो आनंद व्हायचा, तो यायला निघाला आणि अर्ध्यातच थांबला.

बाबा येऊन शेजारच्या सीटवर बसले. काच वर केली. डोळे मिटून झोत तोंडावर घेतला.

"पहिला नंबर," ते म्हणाले. "असा गार तर नवी होती तेव्हाही नव्हता."

धाकटा आला, त्यानंही हात धरून पाहिला. "वा, ताई! गॅरेजवाल्याला नसतं जमलं."

ती त्याला घेऊन फाटकापर्यंत गेली.

"माझं नाव का घातलंस?"

तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाचं ऐकतात ते?"

"मी सांगू शकले असते त्यांना. गाडीखाली होते मी मघाशी, त्यांच्या पायाशीच."

"मग सांगितलंस?"

थोरलीच्या केसांतला गाळ वाळून ताठ झाला होता. धाकट्यानं तिच्या कपाळावरचं वाळकं पान काढायला हात पुढे केला, तर तिनं मान बाजूला घेतली. "उद्या तू पण चल," तो म्हणाला. "मागे जागा आहे. त्यांना बरं वाटेल."

"उद्या दवाखान्यात माणसं बोलावलीत," ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं. एका म्हातारीला कवळी द्यायची होती.

सोमवारी ते गेले. वाटेत बाबांना काही त्रास झाला नाही, झोपून गेले, असं धाकट्यानं रात्री फोनवर सांगितलं. एसी छान चालला, हेही सांगितलं. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. त्या आठवड्यात भिंतींना रंग लागला, पोपटी. भाचीनं खोलीचा फोटो पाठवला आणि खाली हसरे चेहरे.

थोरलीला जायला महिना लागला. आधी काम होतं, मग सर्दी झाली, मग पुन्हा काम निघालं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती बस बदलत बदलत तिथे पोचली. जागा धाकट्यानं सांगितली होती तशीच होती. बाग होती. नर्स हसतमुख होती. भिंती धुतलेल्या, फरशी कोरडी. नावं ठेवायला तिनं खूप शोधलं, काही सापडलं नाही.

बाबा बाकावर बसले होते. शर्ट त्यांचाच होता. जरा वाळले होते, पण दाढी केलेली होती. तिला पाहताच त्यांनी दोन्ही हात पसरले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला ढोसून जागं केलं. तो बिचारा बहुधा कानानं कमी होता, कारण बाबा खूप मोठ्यानं बोलले. बागेतले सगळे बघायला लागले.

"ही माझी थोरली! कवळ्या बनवते. मी सांगतो ना तुम्हाला, तीच. हिनंच माझी इथली सोय केली."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं तो ओळखला असता आणि तिला सोपं गेलं असतं. बाबांच्या डोळ्यांत सरळ अभिमान होता. म्हाताऱ्यानं थरथरते हात जोडले आणि म्हणाला, "भाग्यवान आहेत तुमचे वडील. आमच्याकडे विचारायलासुद्धा कुणी नाही."

थोरली म्हाताऱ्याकडे बघून हसली. मग बाबांच्या शेजारी, बाकाच्या कडेला बसली आणि विचारलं, "जेवण कसं असतं इथलं?"